प्रेक्षक आयन आणि बोअरचं पाणी

फेब्रुवारी लागला की आमच्या कॉलेजात अनोळखी मुलं दिसायला लागतात. असतात ती आमचीच. हजेरीपटावर वर्षभर नावं असतात त्यांची, फक्त माणसं नगरला क्लासमध्ये असतात. प्रॅक्टिकलची परीक्षा तोंडावर आली की एकेक जण उगवतो, घडीसुद्धा न मोडलेला पांढरा कोट हातात धरून, आणि मलाच विचारतो, "मॅडम, केमिस्ट्रीची लॅब कुठंय?" बारावी संपत आलेली असते, बरं का. मी जिभेवर आलेलं गिळून बोट दाखवते. "ते काय, पाण्याच्या टाकीपलीकडं."

हे दिवस आमच्याकडे मोठे विचित्र. सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा. कारखान्याला ऊस घेऊन निघालेले ट्रॅक्टर रस्ताभर दोन-दोन ट्रॉल्या ओढत असतात, मागून स्कूटीवरून जायचं तर जीव मुठीत धरावा लागतो. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर चिमणीची काळी काजळी येऊन बसते, ती झटकायची असते, चोळली की संपलं. हवेत मळीचा आंबूस वास. आणि कॉलेजात शिरलं की त्या वासावर आमच्या लॅबचा वास चढतो, अमोनिया, जळक्या काड्या, आणि कुणीतरी झाकण उघडं टाकलेल्या कसल्याशा ॲसिडचा. देवळाली प्रवराजवळच्या या लहानशा ज्युनियर कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवते, इतकी वर्षं की हे वास मला घरच्या फोडणीसारखे वाटतात.

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं तुम्हाला नवल वाटायला नको. मी जळकी बाई आहे. साडीवरून नाही, दागिन्यावरून नाही, जावेच्या बंगल्यावरून तर मुळीच नाही, तो बंगला झाडायला मला वेळ कुठाय. पण माझं पोर दुसऱ्या कुणाकडून केमिस्ट्री शिकलं, ते मला अजून पचलेलं नाही. बाकी कुठलाही विषय चालला असता. गणित, फिजिक्स, हवं तर कराटे. पण केमिस्ट्री?

ऋतुजा दहावी झाली आणि म्हणाली, "आई, मला नगरला क्लास लावायचाय."

"अगं, घरात केमिस्ट्री बसलीय ना!"

"तू शिकवताना चिडतेस."

"मी? मी कधी चिडले?"

ती आणि तिचे वडील एकमेकांकडे बघून हसले. तिचे वडील नागापूरच्या एमआयडीसीत कामाला. रोज बाहेरचं जग बघतात, त्यामुळे त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं. म्हणाले, "जाऊ दे की. पोरीला चार लोकांत राहू दे." झालं. नाव माझ्या कॉलेजात आणि मुलगी नगरच्या हॉस्टेलात. शनिवारी संध्याकाळी यायची, रविवारी संध्याकाळी जायची. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण एसटी स्टँडवर अजून सगळे "नगर, नगर" असंच ओरडतात.)

त्या दोन वर्षांतले सगळे शनिवार मला एका वाक्यात आठवतात. सर म्हणतात. दारात चपला काढता काढता सुरू व्हायचं. सर म्हणतात, रोज अर्धा तास नुसतं वाचायचं. सर म्हणतात, भात कमी खायचा. मी पिठलं वाढता वाढता विचारायची, "सर पिठल्याबद्दल काही म्हणतात का?" सर म्हणजे निखिल सर. तिनं मला मोबाईलवर दाखवले. कोवळा पोरगा, कानाला माइक लावलेला, काचेच्या फळ्यावर रंगीत अक्षरं उमटवत होता आणि दर दोन वाक्यांनी मुलं हसत होती. माझ्या वर्गात मुलं हसली तर मी आधी मान वळवून बघते, पदराला खडू लागलाय का म्हणून.

"छान शिकवतात," मी म्हटलं. इतकं खोटं मी आयुष्यात फार कमी वेळा बोलले असेन.

अशाच एका शनिवारी तिनं मला स्पेक्टेटर आयन शिकवले. मला! "आई, तुला स्पेक्टेटर आयन माहितीयत?"

"ऐकलंय कुठंतरी."

तिला टोमणा कळलासुद्धा नाही, इतकी ती रंगात आली होती. सोप्पं आहे गं, म्हणाली. मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की पांढरा, दह्यासारखा साका होतो ना? तो होतो सिल्व्हर आणि क्लोराइड यांचा. मिठातलं सोडियम आणि पलीकडचं नायट्रेट आधीही पाण्यात मोकळे फिरत असतात आणि नंतरही तसेच फिरत असतात. त्यांचं काहीच होत नाही. ते प्रेक्षक. "सर म्हणतात, हे लग्न आहे. सिल्व्हर नवरा, क्लोराइड नवरी. सोडियम आणि नायट्रेट म्हणजे जेवायला आलेली मंडळी. जेवली, गेली. समीकरणात त्यांची नावं ठेवायची नाहीत. दोन्हीकडून कट!" आणि तिनं हवेत दोन रेघा मारल्या, बहुतेक सर मारतात तशाच.

आता, उदाहरण चांगलं आहे. हे मी आज म्हणते. त्या दिवशी माझ्या हातातली पळी पातेल्यावर आपटली. "जेवायला आलेली मंडळी? अगं, नवरीला मांडवात आणलं कुणी? क्लोराइड एकटं मिळतं का कुठं? जा वाण्याकडं आणि म्हण, अर्धा किलो नुसतं क्लोराइड द्या. सोडियमचा हात धरून येतं ते! वधूपिता आहे तो, वधूपिता! त्याला जेवायला आलेला म्हणतो तुझा सर?"

"हो गं," ती भाकरी मोडत म्हणाली, "पण मार्कांना एवढंच लागतं."

मार्कांना एवढंच लागतं, हे खरंच होतं. मी स्वतः फळ्यावर इतकी वर्षं तेच करत आलेय. दोन्हीकडच्या सारख्या नावांवर तिरपी रेघ मारायची आणि उरलेलं खाली लिहायचं. पण त्या रेघेनंतर मी दरवर्षी थांबते आणि सांगते की बाळांनो, कागदावरून गेले म्हणून भांड्यातून गेले नाहीत. प्रत्येक ऋणभाराच्या जोडीला कुठंतरी धनभार उभा असावा लागतो, नाहीतर ते पाणी पाणीच राहणार नाही. वर्गात तेव्हा कुणीतरी जांभई देतं. गेल्याच आठवड्यात दिली एकानं, चांगली आवाज करून.

एकेकाळी हीच ऋतुजा माझ्या केमिस्ट्रीवर गल्लीभर मिरवायची. ती चौथीत असताना आमच्याकडे पाण्याचा फिल्टर विकणारा एक गडी आला होता. त्यांची ती ठरलेली जादू असते. एका पेल्यात तुमच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हीत लोखंडी सळया सोडायच्या आणि वीज चालू करायची. तुमचं पाणी बघता बघता तपकिरी गाळानं भरतं, त्याचं पाणी काचेसारखं राहतं. शेजारच्या चार बाया जमल्या होत्या, "अगं बाई, हे पितो आपण?" करत. मी आतून मिठाची चिमूट आणली आणि त्याच्या त्या काचेसारख्या पाण्यात टाकली. "आता लाव वीज." तो नको नको म्हणत होता, बायांनी लावायला लावली. तोही पेला गाळानं भरला. गाळ त्याच्याच सळईच्या लोखंडाचा होता, मीठ नुसतं मधे उभं राहून वीज इकडची तिकडं पोचवत होतं. मीठ नाही तर वीज नाही, वीज नाही तर गाळ नाही. "बाई, तुमी मास्तरीन हाय का?" त्यानं सामान गोळा करत विचारलं. ऋतुजा उडी मारून म्हणाली, "केमिस्ट्रीची!" आठवडाभर ती ज्याला त्याला ती गोष्ट सांगत होती. तशी ती माझ्याबद्दल पुन्हा कधी बोलली नाही. निखिल सरांबद्दल बोलायची. तेच तोंड, तेच चमकते डोळे, फक्त माणूस दुसरा. त्याचंच तर दुखणं आहे.

यांना मी एकदा म्हटलं, "वर्षभर मी फॉर्म भरते, डबे करते, ताप आला की नगरला धावते, आणि नाव त्या माइकवाल्याचं."

"मग काय तुझा फ्लेक्स लावायचा का चौकात?" म्हणाले.

लावा ना. मी काही नको म्हटलं नसतं.

तर तिच्या बारावीचा तो फेब्रुवारी. आपलं स्वतःचं मूल परीक्षेला बसलं असेल तर आपण त्या परीक्षेच्या वाटेला जायचं नसतं. मी तसं आधीच लिहून दिलं होतं. माझ्या जागी दुसऱ्या एका सरांना नेमलं, आणि बाहेरून परीक्षक म्हणून कोपरगावकडच्या एक मॅडम आल्या. माझ्याच लॅबमध्ये माझ्याच मुलीची परीक्षा, आणि मी बाजूच्या स्टाफरूममध्ये. मधे प्लायवूडची एक फळी. फळीनं दिसायचं बंद होतं, ऐकू यायचं बंद होत नाही. टेस्ट ट्यूब स्टँडमध्ये ठेवल्याचा आवाज, बर्नरची फुरफुर, कुणाचं तरी "अरे माझी काच कुणी घेतली?" सगळं येत होतं. टेबलावर चहा होता. मी पेपर तपासायचं नाटक करत होते.

परीक्षा म्हणजे असं की मुलाला चिमूटभर पांढरी पूड द्यायची आणि तिच्यात काय काय आहे ते त्यानं शोधायचं. प्रत्येकाची पूड वेगळी, आणि एका पुडीत क्लोराइड, नायट्रेट असल्यांपैकी एकच काहीतरी. पाण्यात विरघळवायची, मग हे टाकून बघ, ते टाकून बघ. यासाठी पाणी लागतं ते अगदी नितळ, ऊर्ध्वपातित, ज्याला आमच्याकडे सगळे बॅटरीचं पाणी म्हणतात, कारण ते गॅरेजमध्ये मिळतं. त्याचे कॅन मी आदल्याच दिवशी आणून ठेवले होते.

परीक्षक मॅडमची तोंडी परीक्षा फळीला लागूनच चालली होती. "काय सापडलं?" "क्लोराइड, मॅडम." बरं. दुसरा आला. "क्लोराइड, मॅडम." तिसरी आली. "मला ना, मॅडम, क्लोराइड."

माझा पेन थांबला. पुड्या वेगवेगळ्या आणि उत्तर सगळ्यांचं एकच? चौथ्यानंही क्लोराइड म्हटलं तेव्हा माझ्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. पाणी! बोअरचं पाणी आहे हे! आमच्या बोअरच्या पाण्यात इतकं मीठ आहे की त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं तर पूड असो नसो, पांढरा साका होणारच. पोरं बिचारी नळाच्या पाण्यातलंच क्लोराइड शोधून शोधून लिहीत होती.

कसं झालं ते नंतर कळलं. आमच्या लॅबचा नेहमीचा माणूस पुतणीच्या हळदीला गेला होता आणि ऑफिसातले पोपटमामा त्याच्या जागी आले होते. त्यांना सांगितलं गेलं होतं की कॅनमध्ये बॅटरीचं पाणी आहे. "बॅटरीचं म्हनल्यावं ॲसिडच असंल की वो," ते नंतर कळकळून सांगत होते. "पोरांच्या अंगाव सांडलं म्हंजी? म्हून म्यां ते कपाटात कुलपात ठिवलं आन् समद्या बाटल्या नळाच्या चांगल्या पान्यानं भरल्या." त्यांच्यावर रागवावं तरी कसं? पोरांची काळजीच केली होती त्यांनी.

पण त्या क्षणी मी फळीच्या अलीकडे होते आणि मला आत जायची सोय नव्हती. गेले असते तर अख्ख्या तालुक्यानं म्हटलं असतं, बाई पोरीसाठी शिरली. न जावं तर सगळी बॅच नापास करणारी उत्तरं लिहीत होती. प्राचार्यांना गाठावं म्हणून मी पायात चपला सरकवल्या, आणि तेवढ्यात फळीपलीकडून ऋतुजाचा आवाज आला.

"मॅडम, माझ्या सॉल्टला तपकिरी रिंग आलीय, म्हणजे नायट्रेट आहे. पण क्लोराइडपण येतंय. दोन्ही कसं असेल? म्हणून मी नुसतं पाणी घेऊन टेस्ट केली. मॅडम, पाण्यालाच येतंय."

मॅडमची खुर्ची करकरली.

"नुसत्या पाण्याची टेस्ट करायला तुला कुणी सांगितलं?" मॅडमचा आवाज बदलला होता.

आता खरं ते सांगते. त्या क्षणी मला बॅचचं काही पडलं नव्हतं. मी फळीला कान लावून उभी होते आणि मनात एकच चाललं होतं, माझं नाव घे. घे माझं नाव. कारण हे मी सांगितलं होतं तिला! अकरावीच्या दिवाळीत, आमच्या न्हाणीत, बादलीवरची पांढरी पुटं नखानं खरवडून दाखवत. "हे बघ आपल्याकडचं पाणी. इथं काहीही तपासायचं झालं तर आधी नुसतं पाणी तपास, मगच बाकीचं." चांगलं ओरडून सांगितलं होतं, कारण ती मोबाईल बघत होती.

"आमच्या क्लासच्या सरांनी, मॅडम," ऋतुजा म्हणाली.

मी खुर्चीवर बसले. चपला पायातच होत्या. पलीकडे धावपळ सुरू झाली, कपाटाची किल्ली शोधली गेली, कॅन निघाले, सगळ्यांना पुन्हा पूड दिली, जास्तीचा वेळ दिला. कुणाचं काही नुकसान झालं नाही. मॅडम दोनदा म्हणाल्या, हुशार आहे हो मुलगी. त्यांच्या त्या कौतुकात निखिल सरांचा वाटा किती आणि माझा किती, याचा हिशोब मी गार चहा पीत करत होते, आणि माझ्या वाट्याला काही येतच नव्हतं.

संध्याकाळी ती स्कूटीपाशी आली तेव्हा तिचे हात सिल्व्हर नायट्रेटनं काळे झाले होते, आणि चेहरा असा फुललेला.

"ऐकलंस ना तू?" तिनं विचारलं.

"ऐकलं. सगळं ऐकलं."

"चिडलीस?"

"मी कशाला चिडू? तुझ्या सरांनी सांगितलं होतं, तू केलंस."

"आई, वेडी आहेस का? तुझं नाव घेतलं असतं तर त्यांना वाटलं असतं, फळीपलीकडून तूच सुचवलंस. मग माझं सोड, सगळ्यांचीच परीक्षा परत घेतली असती. आणि तुझी चौकशी वेगळी."

हे मला सुचलं नव्हतं. इतका वेळ रागात होते की सुचलं नव्हतं. पोरीनं भर परीक्षेत, डोकं शांत ठेवून, मला नेमकं तिथून वगळलं होतं जिथून वगळायला हवं होतं. माझा जीव भांड्यात पडला. इतका हलका झाला की मी तिथंच थांबायला हवं होतं. तोंड मिटून गाडी काढायला हवी होती.

पण जळकी बाई कधी थांबते का? "म्हणजे सरांनी खरं तर काही सांगितलं नव्हतं," मी म्हटलं. "ते आपलं मॅडमना सांगायला."

ती जरा घुटमळली. तिला खोटं बोलता येत नाही, वडिलांवर गेलीय.

"नाही, सांगितलं होतं त्यांनी. मागच्या महिन्यात. बोअरचं पाणी असेल तर आधी पाण्याची टेस्ट करा म्हणाले."

"आणि मी?"

"तूपण सांगितलं होतंस."

"आधी कुणी?"

"आई!"

"आधी कुणी, ते सांग."

"आधी तूच," ती म्हणाली. मग माझ्या हातातली पर्स घेऊन आपल्या खांद्याला लावली आणि अगदी हळू म्हणाली, "पण तू सांगितलंस तेव्हा मला वाटलं, आई नेहमीसारखी ओरडतीय. कळलं ते सरांनी सांगितलं तेव्हा."

आता ती पुण्याला बी.फार्म. करते. फोनवर सध्या कुणा नवीन मॅडमचं कौतुक चाललेलं असतं, ते मी ऐकून घेते. निखिल सरांचं नाव तिच्याही तोंडी फारसं येत नाही. माझ्या मात्र दर फेब्रुवारीत येतं, कोरे कोट हातात धरलेली ती मुलं लॅबचा रस्ता विचारायला लागली की येतंच. कारण ऋतुजा त्या संध्याकाळी जे म्हणाली ते खरं होतं. मला ते तिथंच, गाडीची किल्ली फिरवता फिरवता कळलं होतं, आणि म्हणूनच त्या माणसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.